तीनपैकी तीन

ओट्यावरून पातेल्याचं झाकण सटकलं आणि फरशीवर घणघणत गोल गोल फिरायला लागलं. पाऊण तास थोपटून, गुणगुणून, शेवटी हात जोडून झोपवलेलं बाळ आतल्या खोलीत होतं. टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली त्याची आई जागच्या जागी दगड झाली. सासूबाई मात्र इस्पितळाच्या टेलिफोनवर एकतीस वर्षं काढलेल्या बाई. त्यांनी वाकायचा विचारसुद्धा केला नाही. सरळ पाय उचलला आणि झाकणावर ठेवला. आवाज जागीच थांबला.

दोघींनी कान दिले. आत एक सुस्कारा, एक कूस बदलल्याची चाहूल, मग पुन्हा तो बारीक, संथ श्वास.

"वाचलो," सासूबाई पुटपुटल्या. "आता पाय काढू का, की संध्याकाळपर्यंत अशीच उभी राहू बगळ्यासारखी?"

"काढा हळूच."

"तू बस तुझं करत. मी दाराशी बसते. उठलाच तर तुझ्याआधी मी पोचते."

या एका वाक्यावर तिची नोकरी उभी होती. बाळ झोपलं की दीड तास, सासूबाई त्याला घेऊन गच्चीत गेल्या की अर्धा तास, मोठी लेक शाळेत असेतोवर सकाळचा एखादा तुकडा. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या जोडून गोधडी शिवावी तसे ती हे तुकडे जोडून दिवस भरायची. कुणी विचारलं, कसं जमतं गं, तर ती आतल्या दाराकडे बोट दाखवायची.

तिचं काम लिहिण्याचं. कथा-कविता नव्हेत. एखादं सॉफ्टवेअर काय करतं, कसं लावायचं, कुठे फसतं, हे माणसाला कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं. तिच्या कंपनीने लहान मुलांच्या दवाखान्यांसाठी एक एआय एजंट बनवला होता. दवाखान्याचा फोन वाजला की तो उचलायचा, डॉक्टरांची वेळ द्यायचा, बदलायचा, रद्द करायचा. आणि फोनवरचं बोलणं ऐकून मूल खरंच अत्यवस्थ वाटलं, तर बाकी सगळं सोडून फोन लगेच नर्सकडे जोडायचा. निदान त्याने तसं करावं अशी अपेक्षा होती.

तो तसं करतो की नाही, हे बघायला माणसं किती बसवणार? म्हणून आता एजंटांची परीक्षा घेणारीही यंत्रं निघाली होती. ती स्वतःच खोटे पालक होऊन फोन करायची, शेकडो संवाद घडवायची आणि शेवटी हिरवी किंवा लाल खूण द्यायची. अशी तीन यंत्रं कंपनीने मागवली होती. तिघांनाही वापरून बघायचं, काय पकडतात आणि काय सोडतात ते नोंदवायचं आणि कुठलं ठेवायचं ते सांगायचं, हे काम हेडबाईंनी तिच्याकडे दिलं होतं. हेडबाई म्हणजे चाचणी विभागाच्या प्रमुख. बाळंतपणाच्या रजेनंतर "दोन महिने घरून करून दाखव, मग बघू," असं म्हणणाऱ्याही त्याच.

तिने पद्धत आखली होती ती पक्की. एजंटमध्ये मुद्दाम बारा चुका पेरायच्या, एका वेळी एक. मग प्रत्येक यंत्राला ती चूक पकडता येते का बघायचं. एजंट दर वेळी एकसारखं बोलत नाही, म्हणून प्रत्येक चूक तीन-तीनदा चालवायची. तीन यंत्रं, बारा चुका, छत्तीस रकाने. प्रत्येक रकान्यात तीनपैकी किती वेळा पकडली त्याचा आकडा.

यंत्रांचं बारसं सासूबाईंनी केलं. पहिल्याला त्या म्हणायच्या गोडबोल्या, कारण एजंट अदबीने बोलला की हा खूश. खोटं बोलला तरी हिरवी खूण. दुसरा मास्तर. त्याला कुणीच पसंत नाही. बरोबर वागलेल्या एजंटलाही तो लाल खुणा मारत सुटायचा. तिसरा कारकून. दिसायला गबाळा, चालायला गोगलगाय, पण बोलण्याला भुलायचा नाही. संवाद संपला की उठून दवाखान्याची वही उघडायचा आणि एजंट 'वेळ नोंदवली' म्हणाला ती नोंद खरंच तिथे आहे का, ते बघून मगच खूण द्यायचा.

"हा आपल्यातला," सासूबाई म्हणाल्या होत्या. "कुणी 'झालं साहेब' म्हटलं की आधी कागद बघणारा."

त्या खोट्या पालकांवर मात्र त्यांचा राग होता. एकदा लॅपटॉपमधून आवाज आला, "नमस्कार, मला माझ्या चार वर्षांच्या मुलासाठी बुधवारी सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान वेळ हवी आहे."

"हा कोण गं? तालीम करून आलाय फोन करायला?" सासूबाई हसायलाच लागल्या. "पोर आजारी असलेला माणूस असा बोलतो होय? तो आधी विचारतो, हॅलो, कोण बोलतंय? अरे बाबा, फोन तू केलायस!"

मंगळवारी अहवाल गेला. शिफारस कारकुनाची. बुधवारी हेडबाईंचा फोन आला. असा तक्ता आमच्याकडे आजवर कुणी केला नाही, म्हणाल्या. संध्याकाळी पत्र आलं, घरून काम कायम. नवरा लिफ्ट दुरुस्तीला कुठल्याशा इमारतीत लटकलेला होता. त्याने तिथूनच निरोप पाठवला, 'आज मी आणि लिफ्ट दोघं वर!' तिने आधी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "माझ्या कसल्या पाया पडतेस, त्या झोपणाऱ्याच्या पड." आणि ती खरंच आत जाऊन झोपलेल्या बाळाच्या तळव्यांना कपाळ टेकवून आली होती.

आज शुक्रवार. सोमवारी, कारकुनाच्या तपासणीच्या भरवशावर, एजंट पहिल्या सहा दवाखान्यांत लागणार होता. तोवर कारकून कसा वापरायचा त्याची पुस्तिका तिला पुरी करायची होती. एक नमुना हवा होता: यंत्राने चूक पकडली की पडद्यावर काय दिसतं त्याचं चित्र. बाराव्या चुकीचं घेऊ, तिने ठरवलं. तीच सगळ्यात महत्त्वाची. एजंटमधला नर्सकडे फोन जोडण्याचा नियमच काढून टाकलेला. तिच्या तक्त्यात कारकुनापुढे आकडा होता तीनपैकी तीन.

तिने कारकुनाच्या नोंदी उघडल्या. बारावी चूक, पहिली फेरी, लाल खूण. बरोबर. खाली दुसरी फेरी असायला हवी होती.

खाली काही नव्हतं.

तिने पान वर-खाली केलं. तारखेने शोधलं. दुसऱ्या यंत्राच्या नोंदींत चुकून गेलं का, तेही पाहिलं. मग हळूहळू आठवायला लागलं. तो सोमवार. पहिली फेरी झाली, पकडली, आणि आतून बाळाने टाहो फोडला होता. सासूबाई मोठीला आणायला शाळेत गेलेल्या. तिने उठता उठता विचार केला होता, उरलेल्या दोन करायच्याच आहेत, आकडा तेवढा टाकून ठेवू. एका हाताने ३/३ लिहिलं होतं. मग बाळ, मग लंगोट, मग मोठीचा गृहपाठ. रकाना भरलेला दिसत होता. आणि भरलेल्या रकान्याकडे कोण पुन्हा बघतं?

ती स्वतःला म्हणाली, होईल, पकडेलच, दोन फेऱ्या तर आहेत. चालवू आणि विसरून जाऊ.

तिने चालवल्या. कारकून आपल्या चालीने चालत राहिला. आतल्या दाराशी सासूबाई बाळाच्या मोज्याला पडलेलं भोक शिवत होत्या.

दुसरी फेरी हिरवी. तिसरीही हिरवी.

तिने संवाद उघडून वाचला. खोटी आई सांगत होती, बाळ पाच महिन्यांचं आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, ओठ निळसर दिसतायत. एजंट म्हणत होता, "मी तुमची काळजी समजू शकतो. परवा सकाळी अकराची वेळ नोंदवली आहे. आणखी काही मदत करू का?"

आणि कारकुनाने वही उघडली होती. परवा, सकाळी अकरा, नोंद आहे. बरोबर. हिरवी.

मग पहिल्या फेरीत पकडलं कसं? तिने तेही वाचलं. त्या वेळी एजंट गडबडला होता. वेळ दिली म्हणाला, पण नोंद करायची राहिली. कारकुनाने पकडली ती नोंद. बाळाचं त्याला काही नव्हतंच.

जे काही न करता 'केलं' म्हणतात त्यांना पकडण्यासाठी तिने दोन महिने घालवले होते. बारा चुका पेरल्या होत्या. तेरावी तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि तिच्या जोरावर सहा दवाखाने सोमवारी फोन एजंटच्या हाती देणार होते.

आणि मग तिला वाट सुचली. लिहिणाऱ्या माणसालाच सुचावी अशी. पुस्तिका अजून गेलेली नव्हती. शेवटच्या पानावर 'मर्यादा' असं एक शीर्षक असतंच. तिथे एक ओळ टाकायची: 'नोंद योग्य असल्यास, फोन नर्सकडे न जोडल्याची चूक काही वेळा निसटू शकते.' ओळ खरी होती. तक्त्याला हात लावायची गरज नव्हती. उद्या कुणी विचारलंच, तर दाखवता आलं असतं, बघा, लिहिलंय. पत्र राहिलं असतं, घर राहिलं असतं, दाराशी बसलेल्या सासूबाई आणि आत झोपलेलं बाळ राहिलं असतं.

तिने ती ओळ लिहिली. वाचली. अगदी नीटनेटकी होती.

"आई," ती हळूच म्हणाली.

"उठला?"

"नाही. तुम्ही कधी... काम न करता, केलं म्हणून लिहिलंय?"

सासूबाईंनी दोरा दाताने तोडला. सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"काय झालं ते सांग आधी."

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, शेवटच्या पानावरची ओळसुद्धा. सासूबाई मध्ये बोलल्या नाहीत. फोनवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला ऐकता फार चांगलं येतं.

"आमच्याकडे निरोपांची वही होती," मग त्या म्हणाल्या. "बाहेरून फोन आला, वॉर्डात निरोप द्यायचा, आणि वहीत लिहायचं: दिला. एकदा एका बाईचा फोन. काल घरी सोडलेलं पोर पुन्हा तापलंय, सिस्टरना सांगा, काय करू. वॉर्डाची लाइन लागेना. माझी सुटी झालेली, हा तुझा नवरा तेव्हा पाळणाघरात, तिथली बाई सहाला कुलूप लावायची. मी लिहिलं 'दिला', आणि म्हटलं जाता जाता वरती सांगून जाईन. आणि विसरले. रस्त्यात आठवलं. परत नाही गेले."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी धापा टाकत वर गेले, तर ती बाई पोराला घेऊन रात्रीच आलेली. पोर बसून दूध पीत होतं. काही म्हणता काही झालं नाही."

"सुटलात."

"कसली सुटतेय!" सासूबाईंनी मोजा पालथा घातला, सरळ केला. "काही झालं नाही, म्हणून कुणी काही बोललंच नाही मला. वही कुणी उघडली नाही. एखाद्याने चार शब्द सुनावले असते, तर त्या दिवशी संपलं असतं. आज पहिल्यांदा बोलतेय, ते तुझ्यापाशी. तुझ्या सासऱ्यांनाही ठाऊक नव्हतं."

सुनेने पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली.

"नोकरी गेली तर?" सून म्हणाली.

"गेली तर गेली, असं मी नाही म्हणणार. नोकरी जाणं म्हणजे काय, मला माहितीय. घाबर. घाबरून फोन कर. घाबरलेल्या माणसाचाही फोन लागतो."

तिने ती नीटनेटकी ओळ पुसली आणि फोन उचलला. सासूबाई उठून दाराशी जाऊन बसल्या, पाठ करून. ऐकू येत नाही असं दाखवायला.

हेडबाई बहुतेक जिन्यात होत्या, बोलण्यात धाप होती. "बोल गं, काय? पुस्तिका झाली?"

"मॅडम, तक्त्यात एक रकाना खोटा आहे. मी भरलाय."

जिन्यावरची पावलं थांबली. "खोटा म्हणजे? चुकला?"

"चुकला नाही. एकदा चालवून तीनदा म्हणून लिहिलं. बारावी चूक, तिसरं यंत्र. आत्ता चालवलं, तर दोन्ही वेळा सोडून दिली. पहिल्यांदा पकडली तीही चुकून."

"बारावी म्हणजे नर्सकडे जोडायची?"

"हो."

पलीकडे एक दार लोटल्याचा आवाज आला.

"तुझा तक्ता मी काल त्या दवाखानेवाल्यांना भिंतीवर लावून दाखवला," हेडबाई म्हणाल्या. "आणि वर काय म्हटलं माहितीय? ही बाई शिंकली तरी नोंद ठेवते."

तिने पडद्यावरचा तो रकाना बोटाने झाकला.

"बाकीचे पस्तीस?"

"तीन-तीनदा चालवलेत. सगळ्या नोंदी पाठवते."

"मी एकेक उघडून बघणार आहे हं."

"बघाच, मॅडम. मलाही तेच हवंय."

"कधी कळलं तुला?"

"तासभर झाला असेल."

"आणि तासभर काय करत होतीस?"

"शेवटच्या पानावर एक ओळ लिहीत होते. मर्यादा म्हणून. मग पुसली."

हेडबाई हसल्या की खोकल्या, कळलं नाही. "शेवटचं पान! अगं, शेवटचं पान मी तरी वाचते का? कुणाच्या बापाला कळलं नसतं." मग आवाज बदलला. "हे बघ. सोमवार पुढे ढकलते. शिव्या मी खाईन, त्याची मला सवय आहे. पण तुझं पत्र परत घेणार. दोन महिने पुन्हा बघणार, आणि आठवड्यातले तीन दिवस इथे यायचं, माझ्या समोरच्या टेबलावर."

"बाळ..." तिच्या तोंडून निघून गेलं.

"माहितीय मला, बाळ आहे. माझंही होतं. मला तर कुणी सहा दिवसांतला एकही सोडला नव्हता." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "रडू नकोस. तक्ता चांगलाच आहे तुझा. म्हणून तर चीड आली. तो रकाना आधी दुरुस्त कर, आणि चारपर्यंत मला सांग, हे पकडायचं कसं. फोन केलास, बरं केलंस."

फोन ठेवल्यावर तिला कळेना आपल्याला काय होतंय. तीन दिवस बाळापासून लांब, हे कळत होतं आणि छातीत रुततही होतं. आणि तरी बोलणी खाऊन इतकं हलकं वाटतं, हे तिला ठाऊक नव्हतं. कुणीतरी वही उघडणार होतं. एकेक पान बघणार होतं. तिने मनातल्या मनात हेडबाईंचे आभार मानले, जिन्यातल्या त्या धापेसकट.

"किती दिवस?" पाठमोऱ्या सासूबाईंनी विचारलं.

"तीन. आठवड्यातले."

"तीनच? मी म्हटलं पाची दिवस सांगते की काय." त्या उठल्या. "दुधाचं बघू काहीतरी. आणि मी काय मेलेय का? चल, काय पकडायचंय म्हणालीस?"

तिने सांगितलं. कारकून एकटा पुरणार नाही. ज्या फोनमध्ये जिवाचा प्रश्न आहे, ते सगळे मास्तरकडेही द्यावे लागतील, त्याने विनाकारण आरडाओरडा केला तरी चालेल. आणि मास्तरने लाल केलेला प्रत्येक संवाद एका जिवंत नर्सने वाचायचा. पण त्याआधी आणखी एक अडचण होती. यंत्रांचे खोटे पालक बोलायचे पुस्तकासारखं. श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, ओठ निळसर. असं शुद्ध सांगितलं, तर चांगला एजंट नर्सकडे जोडणारच. खरी आई असं सांगते का?

"छे," सासूबाई म्हणाल्या. "ती म्हणते, जरा वेगळंच करतोय हो. म्हणजे काय करतोय? नाही, म्हणजे नेहमीसारखा नाही. आणि मग म्हणते, तुम्हाला उगाच त्रास दिला का?"

सून लिहायला लागली.

"एक जण म्हणायचा, बाकी काही नाही, फक्त उठत नाहीये. फक्त! एक आजी होती, तिने आधी दवाखान्याच्या वेळा विचारल्या, मग डॉक्टर कुठले बसतात, मग पत्ता, आणि फोन ठेवता ठेवता म्हणते, तोवर मुलाला पाणी पाजलं तर चालेल ना, डोळे फिरवतोय तो." सासूबाई बोलत राहिल्या. काही वाक्यांपाशी त्यांचा स्वर खाली यायचा, काहींपाशी त्या स्वतःच हसायच्या. "आणि पुरुष, पुरुष आधी भांडतात. चार वेळा फोन केला, उचलत नाही तुम्ही, असं तसं. भांडण संपलं की रडायला लागतात. तेव्हा ओळखायचं."

एकतीस वर्षं त्या इस्पितळात टेलिफोनच्या काचेमागे बसल्या होत्या. कधी कुणी त्यांना विचारलं नव्हतं, माणसं फोनवर कशी बोलतात. निवृत्तीच्या दिवशी एक घड्याळ दिलं होतं. सून लिहीत होती आणि तिला वाटत होतं, आपण घरात एवढं मोठं कपाट ठेवून बाहेर खण शोधत होतो. सव्वीस वाक्यं झाली. वर तिने शीर्षक दिलं आणि खाली लिहिलं, 'संवादांची माहिती: दूरध्वनी चालक, एकतीस वर्षांचा अनुभव.'

"हे कशाला?" सासूबाईंनी चष्मा वर करून वाचलं.

"असतं असं. कुणी सांगितलं ते लिहावं लागतं."

"लिहावं लागतं म्हणून लिहिलंस?"

"नाही."

सासूबाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, ओठ हलवत.

बाळ उठलं होतं, पण रडत नव्हतं. ते आत पालथं पडून चादरीशी काहीतरी खलबत करत होतं. तेवढ्यात ही वाक्यं एकदा खऱ्या आवाजात चालवून बघावीत, असं ठरलं. पेरलेली चूक तिने काढून टाकली. नियम जागेवर असलेला, सोमवारी लागणार होता तो चांगला एजंट सुरू केला. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं, जणू समोर कुणी बसलंय, आणि माइक जवळ ओढला.

"हॅलो? हॅलो, कोण बोलतंय? हां, दवाखाना ना? अहो, आमचं बाळ... नाही, तसं काही नाही, जरा वेगळंच करतंय. सकाळपासून. मी हाक मारतेय, तर बघतच नाहीये माझ्याकडे. तुम्हाला उगाच त्रास..."

त्यांचा आवाज इतका फाटला की सुनेच्याही अंगावर काटा आला. दारात धप्पकन काहीतरी पडलं. शेजारच्या काकूंनी शाळेतून सोडलेली मोठी लेक, जिला सगळे भिंगरी म्हणायचे, उंबऱ्यात उभी होती. दप्तर खाली, डोळे मोठे. आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ती भिरभिरत आत पळाली.

"भिंगरी! अगं, खोटं खोटं आहे ते!"

आतून आवाज आला, "बघतोय की हा माझ्याकडे! हसतोय सुद्धा!" मग बाळाला दोन्ही काखांतून उचलून, त्याचे पाय जवळजवळ फरशीला लावत, ती बाहेर आली. पाच वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचं ओझं. आईने धावत जाऊन दोघांना मांडीवर ओढलं.

लॅपटॉपमधून एजंट बोलत होता. "थांबा, फोन ठेवू नका. मी तुम्हाला आत्ता लगेच नर्सशी जोडतो." एक बारीक टिकटिक झाली आणि आवाज बंद झाला.

"जोडला!" सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "पहिल्याच वाक्यात ओळखलं मेल्याने!"

"अजून पंचवीस आहेत, आई. आणि प्रत्येक तीनदा." पण तीही हसत होती. बाळाच्या केसांत तिने नाक खुपसलं. झोपेचा, दुधाचा वास. चार वाजायला अजून अवकाश होता.

भिंगरी पडद्याकडे बघत होती. "फोन कट झाला?"

"नाही गं. नर्सकडे गेला."

"कुठेय नर्स?"

"नर्स नाहीये. आजी खोटी खोटी आई झाली होती, आणि तो मशीनवाला फोन बरोबर उचलतो का, ते बघत होतो आम्ही. त्याने बरोबर केलं. म्हणून मी इथे लिहिणार, बरोबर."

"आजी, तू खऱ्या खऱ्या फोनवर पण असंच करायचीस?"

"असंच. जोडून द्यायचं. मग दुसरा फोन वाजायचा."

भिंगरीने बाळाचा हात आपल्या मुठीत घेतला. तिची भुवई अजून खाली आली नव्हती. आईने रकान्यात एक लिहिलं, फक्त एक, आणि दुसऱ्या फेरीसाठी माइक सासूबाईंकडे सरकवला.

"आई," भिंगरी म्हणाली, "मग ते बाळ बरं झालं का?"